या नावाची बाई गावात नाही

आबादान, परशिया
ता. १२ डिसेंबर १९५०

सौ. रंभा हिले खुशालचा आशीर्वाद.

गुणवंतराव मास्तरानं तिसरीत मामाले, काकाले आन् मामलेदाराले लिहायचा मायना शिकवला होता. बायकोले लिहायचा शिकवला नाई, आन् पुढची शाळा मी केली नाई. म्हून वरचं चुकलं असन तर मास्तरांनीच दुरुस्त करून वाचावं. मास्तर, हे पत्र तुमीच तिले वाचून दाखवान हे मले माहीत आहे. सावकाश वाचजा जी. आई बाजूले बसून असन तर तिले काही काम सांगून तळ्यावर धाडजा.

तुमाले वाटलं असन, खुशाल बल्लारपूरले खाणीत आठ दिवसांच्या कामाले गेला आन् तिथीच दबून मेला. मेलो नाई. तिथी एक मिस्त्री भेटला. तो म्हणे, समुद्रापल्याड तेलाची मोठी कंपनी आहे, पाइपाचं काम येणारा माणूस पायजे. मी म्हटलं, येते. येत नव्हतं, पण आता येते. घरी सांगून जावं म्हटलं, पण गाडी लगेच होती, वेळच भेटला नाई.

या देशाचं नाव परशिया. साहेब तसं म्हणते म्हून मीही तसंच लिहितो. उन्हाळा आपल्या वैशाखाच्या दुप्पट म्हणतात, मी अजून पाह्यला नाई. झाड म्हणजे खजुराचं, दुसरं नाई. जंगल पाहायले डोळे तरसले. एक मोठी नदी आहे, आपल्या वैनगंगेहून रुंद. पण ती दिवसातून दोनदा उलटी वाह्यते. समुद्र तिले मागं लोटते. धिवराच्या घरी जन्मलो, पण असं पाणी नाई पाह्यलं. अशा पाण्यात जाळं टाकावं तर कोणाकडं तोंड करून टाकावं, सांग.

साहेबाले खुशाल म्हणता येत नाई. तो कूसल म्हणते. त्याचं ऐकून सगळे आता मले कुसळच म्हणतात. गवतातून जाताना पायात रुतते ते कुसळ. मी ओ देतो. ओ देल्ली का काम होते.

पाकिटावर इंग्रजी पत्ता लिहायले ऑफिसातला बाबू बसला. म्हणे, बायकोचं नाव सांग. माह्या तोंडातून निघेना. मी म्हटलं, आमच्यात नवरा बायकोचं नाव घेत नाई. सगळे हसायले लागले. मंग कागदावर लिहून देल्लं तवा त्यानं उतरवून घेतलं.

त्या दिवशी मोहटोल्याहून येताना मोहाच्या झाडापाशी जे झालं ते मनात धरू नको. राग आला होता, गेला. मास्तर, एवढी ओळ वाचू नका.

पोटातल्याले जप. त्याचं नाव मी इथून कळवीन. माहं पत्र आल्याबिगर कोणी नाव ठेवायचं नाई. आईलेही हे सांग.

खुशाल


आबादान, परशिया
ता. १८ फेब्रुवारी १९५१

सौ. रंभा, मुक्काम मोहटोला.

हे पत्र तुह्या माहेरच्या पत्त्यावर लिहून राह्यलो. आईचं कार्ड आलं. मास्तराच्या हातचं आहे, पण बोल आईचे आहेत, मले ओळखू येतात. संक्रांत झाली आन् तू लुगड्याचं गाठोडं घेऊन भावाकडं निघून गेली म्हणे. आईनं लिहवलं आहे, "रंभा हाकेले ओ देत नाई. तीन-तीन हाका माराव्या लागतात, मंग चौथीले अशी पाहते का जसं आपण शेजारणीले हाक मारली." तू बहिरी झाली का मुद्दाम करते?

मले मालूम आहे तुह्या मनात काय आहे. लग्नाच्या मांडवातच आईनं सांगितलं होतं, "बुधवारी जन्मली म्हून बुधरी, हे काय नाव झालं? हे जंगलातलं नाव. आमच्या घरी हिले रंभा म्हणायचं." तवा तुही आई रडली. कायले रडली ते मले समजलं नाई. पोरींचं नाव बदलतेच. माह्या आईचंही बदललं. गुणाबाई हे तिचं सासरचं नाव. माहेरी ती कोणी दुसरीच होती. काय होती ते मले माहीत नाई, आन् मी कधी इचारलंही नाई. तिचं काय बिघडलं?

तू एकदा म्हटलं होतं, "अजी, कोणी नसलं म्हणजे तरी मले बुधरी म्हणत जा." मी तुले अवं-ऐकतेस का म्हणतो. रंभाही म्हणत नाई, बुधरीही म्हणत नाई. मंग कायले रुसतेस?

ऐक. पोरगा झाला तर त्याचं नाव मनोहर ठेवायचं. फागुनात झाला म्हून फागू, असं करू नका. आपल्या गावात तीन फागू आहेत, एकाले हाक मारली का तिघं येतात. मनोहर हे शिकलेल्या माणसाचं नाव आहे. पोरगी झाली तर मंग पाहू.

केवळरामभाऊ चौथी शिकला आहे, तो हे तुले वाचून दाखवन. भाऊ, तुले रामराम. पत्र भेटताच हिले आमच्या घरी पोचवून दे. बाळंतपण माह्या घरी व्हावं. माहेरी झालं तर लोक काय म्हणतील, का नवऱ्यानं टाकली. मी टाकली नाई. मी कामाले आलो.

खुशाल


आबादान
ता. २९ एप्रिल १९५१

केवळरामभाऊ याले खुशालचा रामराम.

माहं पत्र परत आलं. सव्वादोन महिने फिरून जसंच्या तसं बंद. कोणी उघडलंही नाई. पाकिटावर लाल पेन्सिलीनं लिहून आहे, "या नावाची बाई गावात नाही." खाली इतवारी टपालवाल्याची सही.

मी इतवारीले ओळखतो. बाजाराच्या दिवशी तो मोहटोल्याच्या चिंचेखाली थैली ठेवते आन् एकेक नाव पुकारते. ज्याचं असन तो उठते. चाळीस घरांचं गाव. त्यात तुही बहीण त्याले सापडत नाई? हे तुहंच काम आहे, भाऊ. तू त्याले सांगितलं असन, पत्र घेऊ नको म्हून. तुह्या मनात माह्याबद्दल राग आहे, असू दे. पण नवऱ्याचं पत्र बायकोपर्यंत पोचू न देणं हे कोणत्या जातीत बसते? तिचं बाळंतपण झालं का? पोरगा का पोरगी? एक कार्ड तरी टाक.

इथी हाल बरे नाई. सगळ्या कामगारांनी काम बंद केलं होतं. रस्त्यात फौज उभी होती. इथले लोक म्हणून राह्यले का तेल आमचं, जमीन आमची, साहेबानं जावं. आमाले सांगितलं, बराकीतून निघू नका. पंधरा-वीस दिवस बसूनच होतो.

माह्यासंगं पाइपाच्या कामावर यदुल्ला नावाचा इथलाच फिटर आहे. चाळिशीचा, एका हाताले तीनच बोटं. हिंदुस्थानी बोलते थोडी. साखरेचा खडा दातात धरून काळा चहा पिते आन् मले म्हणते, तुमी लोक दूध टाकून चहाचा खून करता. माहं नाव नीट घेणारा इथी तोच एक. पहिल्या दिवशी मी खुशाल म्हटलं तर तो म्हणे, "खुशहाल! हा तो हमारी जबान का नाम है." त्यांच्या बोलीत खुशहाल म्हणजे सुखात असलेला माणूस. कुसळ म्हटलं का तो चिडते, मी नाई.

आता काम पुन्हा चालू झालं तर पहिल्याच दिवशी बखेडा. साहेब आमाले सांगून राह्यला होता, परशियात हे असं, परशियात ते तसं. यदुल्लानं पाना खाली ठेवला. म्हणे, "परशिया नहीं साहब. ईरान." साहेब हसला, म्हणे, तेच ते. यदुल्ला म्हणे, "तेच नाई." साहेब पुन्हा परशिया म्हटला. यदुल्ला पुन्हा ईरान म्हटला. असं पाच-सात वेळा झालं. मी पाइप धरून उभा, हात भरून आले. शेवटी साहेबानं त्याले दोन दिवस कामावरून काढलं.

मी त्याच्या घरी गेलो. म्हटलं, बाप्पा, एका नावासाठी रोजी बुडवली? तो म्हणे, फारस हा आमच्या मुलखाचा एक कोपरा. त्याच्यावरून बाहेरच्यांनी सगळ्या देशाले परशिया म्हटलं. उद्या तुह्या सगळ्या हिंदुस्थानाले कोणी तुह्या जिल्ह्याच्या नावानं चांदा म्हटलं तर? मले हसू आलं. म्हटलं, चांद्यावाल्यांले आवडन. तो काही हसला नाई. म्हणे, घरात आमी पहिल्यापासून ईरानच म्हणतो. सोळा सालांमागं आमच्या राजानं सगळ्या देशांले चिठ्ठ्या धाडल्या का आमाले आमच्या नावानं बोलवा. कागदावर बदललं, साहेबाच्या तोंडात नाई बदललं.

मी म्हटलं, आमच्या देशालेही दोन नावं आहेत. साहेबाचं इंडिया, आमचं भारत. कायद्याच्या पुस्तकात दोन्ही लिहून ठेवले, भांडण मिटलं. तो म्हणे, तुही आई कोणतं म्हणते? मी म्हटलं, ती दोन्ही म्हणत नाई, मुलूक म्हणते.

एवढ्याशा गोष्टीची लोकांले किती आग असते, म्हून लिहिलं. उलट टपाली कार्ड टाक.

खुशाल


आबादान, ईरान
ता. ३ जून १९५१

बुधरी,

हे नाव मी आयुष्यात पहिल्यानं लिहून राह्यलो. तीनदा लिहून पाह्यलं. पाकिटावर बाबूनं लिहायले घेतलं तवा मी म्हटलं, आधी मी मराठीत लिहितो, मंग खाली तू इंग्रजी लिही. म्हून पाकिटावर माह्या हातचं आहे. इतवारीले वाचता येईल.

भाऊचं कार्ड परवा आलं. त्यानं बारीक अक्षरात कार्डाच्या चारी कोपऱ्यांत लिहिलं आहे. मी ते वाचलं, मंग कामावर गेलो, मंग पुन्हा वाचलं.

त्यानं लिहिलं आहे, "जवाई, मी तुहं पत्र अडवलं नाई. मी त्या दिवशी शेतात होतो. इतवारीनं चिंचेखाली तीनदा पुकारलं, रंभाबाई खुशाल, रंभाबाई खुशाल. बुधरी तिथून दोन हातावर वाळल्या मासोळ्यांचं टोपलं घेऊन बसून होती. बाजारातले सगळे तिच्याकडं पाहून राह्यले. ती मासोळ्या मोजत राह्यली. इतवारी तिले म्हणे, बाई, हे तुहंच असन, सासरचं नाव दिसते. ती म्हणे, सासरी कोणी असन रंभा, तिले देजो. इथी मी बुधरी. माह्या नावानं आलं तर घेईन."

आन् त्याच्याच खाली, जशी दुसरीच गोष्ट सांगून राह्यला तसं, त्यानं लिहिलं आहे का पोरगी झाली होती. बाराव्या दिवशी बारसं करायले बाया आल्या तर तू त्यांले परत धाडलं. म्हटलं, बापानं सांगून धाडलं आहे, नाव तो कळवणार. रोज इतवारीची वाट पाह्यली. एकोणिसाव्या दिवशी पोरगीले ताप आला आन् ती गेली. तवरी तिले सगळे नुसतं पोरगी म्हणत होते. तिले पुरून आल्यावर सहाव्या दिवशी माहं पत्र आलं.

त्या पत्रात पोरीचं नाव नव्हतं. पोराचं होतं. हे तुले माहीत नसन, कारण ते बंदच परत आलं. मी सांगितलं नसतं तर तुले कधी समजलं नसतं. मी आता खोटं लिहिणार नाई, म्हून सांगून राह्यलो.

यदुल्लाले मी हे सगळं सांगितलं. मले वाटलं, तो पाठीवर हात ठेवन. तो म्हणे, "पाकिटावर काय लिहिलं होतं?" मी म्हटलं, आमच्या घरचं नाव. तो म्हणे, "आन् तिच्या घरचं?" मी ते सांगितलं. त्यानं चहाचा पेला खाली ठेवला. मंग म्हणे, "तो तू भी साहब है, खुशहाल."

मोहाच्या झाडापाशी काय झालं ते आता लिहितो. भाऊ, हे तूच वाचून राह्यला, तुलेही ऐकू दे. बुधरी, मी तुले घ्यायले मोहटोल्याले आलो होतो. तू बायांसंगं तळ्यात उतरून हातानं मासोळ्या धरून राह्यली होती. काठावरून कोणी म्हणे, बुधरी, इकडं ये, कोणी म्हणे, ए बुधरे, तुह्या पायाखालून गेली बघ. तू प्रत्येक हाकेले मान वळवत होती आन् हसत होती. तसं हसणं मी आमच्या घरी दोन सालांत एकदाही ऐकलं नव्हतं. मी झाडामागं उभा राहून ऐकलं. मले तुहा राग आला. मले वाटलं, ही कोणी दुसरीच बाई आहे आन् हिनं ती आमच्यापासून लपवून ठेवली. वाटेत तू पुन्हा म्हटलं, "एकदा म्हणा ना बुधरी. इथी कोणी नाई." मी मारलं. दोनदा. तुह्या पोटात पोर आहे हे माहीत असून मारलं. तू रडली नाई, डोक्यावरचं टोपलं सरळ केलं आन् माह्यापुढं चालू लागली. तुह्या पाठीकडं पाहत घरापर्यंत येणं मले जड झालं. तिसऱ्या दिवशी मी बल्लारपूरले गेलो.

भाऊनं लिहिलं आहे का जातीचे पंच बसले होते. जेठाच्या पुनवेपर्यंत नवरा आला तर ठीक, नाई तर बाई मोकळी, दुसऱ्या घरी तिचा पाट लावून द्यायचा. पंचांनी बरोबर केलं. पण मी येतो. पुढच्या बोटीनं येतो. माह्यासाठी थांब. आईले मी सांगीन, घरात हिले बुधरीच म्हणायचं, आन् आईलेही इचारीन तिचं नाव काय होतं.

आज पाइपात वाफ सोडली तवा कानठळ्या बसतील असा आवाज होता. त्या आवाजात मी तुहं नाव मोठ्यानं घेऊन पाह्यलं. कोणाले ऐकू गेलं नाई. पण तोंडाले जमलं.

खुशाल


आबादान, ईरान
ता. ५ ऑगस्ट १९५१

केवळरामभाऊ याले रामराम.

कार्ड भेटलं. पुनव झाल्यावर तिसऱ्या दिवशी पाट लागला हे समजलं. मुखरू म्हणजे घाटावर डोंगा चालवते तोच ना, उंच, पायानं जरा लंगडा? चांगला माणूस आहे. एकदा पुरात त्यानं माहं जाळं काढून देल्लं होतं.

तू लिहिलं ते मी यदुल्लाले वाचून दाखवलं, का मुखरूच्या आईनं सुनेसाठी नवं नाव काढूनच ठेवलं होतं, आन् बुधरी पंचांसमोर उभी राहून म्हटली, "नाव बदलत असान तर पाट नाई." मुखरू म्हणे, "माह्या डोंग्यात सकाळपासून सांजपर्यंत माणसं बसतात. कोणाचं नाव बदलून मी कोणाले पल्याड नेलं नाई. हिचं कायले बदलू?" सगळे हसले म्हणे. यदुल्लाही हसला. म्हणे, हा डोंगेवाला आमच्या राजाचा भाऊ दिसते.

माहं पत्र पाटानंतर चवथ्या दिवशी पोचलं. चार दिवस. इतवारीनं बुधरी म्हून पुकारलं तर ती टोपलं टाकून उठली, हेही तू लिहिलं. तिनं पाकीट हातात फिरवून पाह्यलं, मंग तुह्याकडं आणलं. तू वाचायले लागला. तिनं वरची ओळ दोनदा वाचायले लावली. ती ओळ म्हणजे एकच शब्द होता. तू पुढं वाचू लागला तर म्हणे, "बस दादा. एवढंच पायजे होतं." आन् कागद तुह्या हातात ठेवून घाटाकडं चालू लागली.

म्हणजे मारल्याचं मी कबूल केलं ते तिनं ऐकलं नाई. पोरीचं लिहिलं तेही ऐकलं नाई. तू एकट्यानं वाचलं असन. वाचलं तर वाचलं.

आता एक गोष्ट तुले सांगतो, दुसऱ्या कोणाले सांगितली नाई. पत्र टाकलं त्याच्या दोन दिवसांनी, पाच जूनले, मुंबईची बोट होती. मले जागा भेटत होती. तिच्यात बसलो असतो तर पुनवेच्या आधी घरी पोचलो असतो. साहेबानं बोलावून सांगितलं, लोक निघून जाऊन राह्यले, तू सहा हप्ते थांब, हेल्परचा फिटर करतो. मी थांबलो. मले वाटलं, पत्र गेलं ना, त्यावर तिचं नाव लिहिलं ना, आता ती थांबन. नाव लिहिलं म्हणजे मी स्वतः जाऊन उभा राह्यलो असंच मले वाटलं. फिटर झालो. टिनाच्या बिल्ल्यावर नवं लिहून देल्लं आहे, कूसल, फिटर.

पहिल्या पत्रातलंही एक खोटं आहे. गाडी लगेच नव्हती. मुंबईत मी बारा दिवस बोटीची वाट पाहत बसून होतो. चारदा घरी येऊन गेलो असतो.

तिले यातलं काही सांगू नको. तिनं बस म्हटलं आहे.

खुशाल


मुंबई
ता. १४ ऑक्टोबर १९५१

केवळरामभाऊ याले रामराम.

मी परत आलो. या महिन्याच्या सुरवातीले साहेब लोक बोटीत बसून निघून गेले. आमच्या साहेबानं जाताना सगळ्यांशी हात मिळवला आन् मले म्हणे, गुडबाय कूसल. मी म्हटलं, खुशाल. त्याले बोटीवर वाजणाऱ्या बँडाच्या आवाजात ऐकू गेलं नसन.

यदुल्ला मले बोटीवर पोचवायले आला होता. कारखान्यावर आता त्यांचा झेंडा आहे. मी म्हटलं, आता तर तुहं नाव तुले भेटलं. तो म्हणे, "नाम मिला. काम बंद है." धुराडी थंड पडली होती, मी पाह्यली. मंग म्हणे, "खुशहाल हो?" हे नाव होतं का सवाल होता, मले समजलं नाई. त्यांच्या बोलीत दोन्ही एकच. मी नुसती मान हालवली.

इथी धक्क्यावर कागद तपासायले एक कारकून बसला होता. चश्मेवाला, आपल्याच बोलीचा नाई पण मराठी. म्हणे, "कुठून आला?" मी म्हटलं, ईरानातून. तो कागद पाहून म्हणे, "इथं तर पर्शिया लिहिलंय." मी म्हटलं, त्या देशातले लोक ईरान म्हणतात. तो म्हणे, "तू त्यांचा वकील आहेस का?" मागच्या रांगेतले हसले. पण त्यानं खोडून ईरान लिहिलं. मंग म्हणे, "लग्न झालंय. बायकोचं नाव रंभा. बरोबर?"

ते मीच गेल्या साली लिहून देल्लेलं होतं.

मी म्हटलं, "या नावाची बाई गावात नाही."

त्यानं वर पाह्यलं. "वारली?"

"नाई जी."

"मग?"

"बुधरी," मी म्हटलं. भाऊ, चारचौघांत मी हे नाव पहिल्यानं घेतलं. रांगेत शंभर लोक होते. कोणी हसलं नाई, कोणी मान वळवली नाई. तिथी त्या हाकेले उठणारं कोणी नव्हतं.

कारकुनानं रंभा खोडलं आन् म्हणे, "स्पष्ट सांग. बुधरी लिहू?"

मी म्हटलं, "नका लिहू. ती मुखरूच्या घरची आहे." तो चिडला. म्हणे, सकाळपासून डोकं पिकवलंत तुम्ही लोकांनी. त्यानं तिथी एक आडवी रेघ ओढली आन् शिक्का मारला.

मी गावी येत नाई. बल्लारपूरले उतरीन, खाणीत काम भेटन. आईले कार्ड टाकलं आहे, त्यात तिचं माहेरचं नाव इचारलं आहे. ती मास्तराले म्हणन, पोराचं डोकं फिरलं.

तुह्यापाशी एकच मागणं आहे. पोरीले कुठी पुरलं ते तुले माहीत असन. मी तिथी येणार नाई आन् नावही ठेवणार नाई. पण बुधरी एकोणीस दिवस तिले मांडीवर घेऊन बसली होती. वरून ती माह्या पत्राची वाट पाहत होती, पण मनात तिनं पोरीले काहीतरी म्हटलंच असन. बाजाराच्या दिवशी घाटावर गेला तर तिले इचारून पाह्य. सांगितलं तर ते नाव तू त्या जागी जाऊन एकदा मोठ्यानं घे.

मले लिहून कळवायची गरज नाई. आन् तिनं नाई सांगितलं, तर पुन्हा इचारू नको.

खुशाल